झिजलेल्या नाकाचा राजा

नोकरीतले बहुतेक गुन्हे मी निवृत्तीच्या दिवशी वर्दीबरोबर सोडून आलो. हा एक मात्र सुटत नाही. चांदीची वस्तू हातात आली की एका म्हाताऱ्याचा अंगठा आठवतो आणि तोंड कडू होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीत सोसायट्या उभ्या राहत होत्या, तुर्भ्याला कारखाने आणि त्यांच्या आसऱ्यानं वाढलेल्या वस्त्या. त्या भागात मी फौजदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना मूळचे महाडकडचे एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले. तुर्भ्याला नातवाजवळ राहत. "जय भीम, साहेब," म्हणाले आणि रुमालातून एक लष्करी पदक काढून टेबलावर ठेवलं. "हे आमचं नाय."

ठाणे अंमलदार हसला. "बाबा, लोक वस्तू गेली म्हणून येतात. तुम्ही आली म्हणून आलात?"

मी त्यांना बसवून घेतलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते, त्याचं हे चांदीचं पदक. गावच्या पाणवठ्याला ज्याला हात लावू देत नव्हते, त्याचं नाव सरकारनं चांदीवर उमटवलं होतं. म्हणून घरात मूल जन्मलं की बारशाला त्याचा अंगठा पदकावरच्या इंग्रज राजाच्या नाकावर घासायचा, अशी रीत वडिलांनी घालून दिली. आता नातवाला मुलगी झाली होती आणि रविवारी तिचं बारसं होतं.

मध्यंतरी वाशीचे जुन्या पदकांचे एक सुशिक्षित संग्राहक वस्तीत आले होते. कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. "चिंचेनं घासून पदकाची वाट लावताय. माझ्याकडे द्या, साफ करून मखमलीच्या पेटीत परत देतो," म्हणाले. यांनी विश्वासानं दिलं, आणि पदक पेटीसकट परतही आलं.

"मग चांगलंच झालं की, बाबा," मी म्हणालो.

"साहेब, आमच्या राजाला नाक नव्हतं. पोरांचे अंगठे घासून पार सपाट झालं होतं. साफ केल्यावर झिजलेलं नाक उगवतं काय?"

अंमलदाराचं हसू मावळलं.

पदक उलटसुलट करून पाहिलं. वरच्या कडीच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा ठसा होता. घरफोडीच्या तपासात केस पांढरे झालेल्या आमच्या हवालदारानं भिंग लावलं. "साहेब, ही पनवेलच्या सोनाराची छाप. चोरीच्या पैंजणांवर कैक वेळा बघितलीय." सरकारी टांकसाळीच्या पदकावर पनवेलची छाप!

सोनार घाबरला, पण खोटं बोलला नाही. "वाशीच्या त्या पदकवाल्या साहेबांना असली चार-पाच करून दिली, साहेब. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायची म्हणाले. साचा त्यांच्याकडच्या एका धड पदकावरून घेतला. कडेवरची नावं तेवढी त्यांनी लिहून दिली तशी कोरली."

"आणि छाप कशाला मारलीस?"

"चांदी चोख असली की छाप मारायचीच, आमच्या बापापासूनची रीत आहे. उद्या कुणी म्हणायला नको, खोटा माल दिला."

खोट्या पदकात खरा माल! नोकरीत अट्टल गुन्हेगार पुष्कळ पाहिले, पण इतकी प्रामाणिक बनवाबनवी पुन्हा पाहिली नाही.

संग्राहकाकडे मी साध्या कपड्यांत गेलो. शहाण्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, त्याला शिकवायला लावावं. पदकांची आवड आहे म्हटल्यावर गडी खुलला. "चांदीला लोकर नको, रबर नको, काळी पडते. मी सुती हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. ही कड बघा. नंबर, नाव, पलटण. अस्सल पदकावर ही अक्षरं ठशानं दाबलेली असतात. नकलेत हातानं कोरतात, लगेच कळतं."

मी खिशातलं पदक काढलं. "मग हे बघून सांगा."

त्यांनी हातमोजे चढवलेच नाहीत. मी ओळखपत्र दाखवलं आणि कडीखालच्या ठशावर बोट ठेवलं. "त्यानं छाप मारली?" एवढंच ते बोलले. बायको आतून चहा घेऊन आली तेव्हा ते खाली मान घालून बसले होते. खरी पदकं परदेशातल्या शौकिनांना विकायची आणि वस्तीत नकला वाटायच्या, असा धंदा होता. नाक असलेला राजा पाहून म्हातारा खूशच होईल, असा त्यांचा हिशेब.

पंचांसमक्ष झडती घेतली. आमच्या म्हाताऱ्याचं पदक अजून विकायचं होतं. ओळख पटवायला त्यांना बोलावलं. कडेवरचं नाव त्यांनी वाचलंच नाही. राजाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला, तो बरोबर बसला, आणि भर पंचांत ते रडू लागले.

मग आमचं काम सुरू झालं. खरं आणि खोटं, दोन्ही पदकं कापडात बांधली, लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. म्हाताऱ्यांनी हात पुढे केला. मी म्हणालो, "बाबा, हा आता मुद्देमाल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही." त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

हमीपत्रावर पदक त्यांच्या ताब्यात द्यावं, असा अर्ज त्यांच्याकडून करवून घेतला आणि आमची हरकत नाही असं लेखी दिलं. आरोपीचा वकील उभा राहिला. अस्सल कोणतं यावरच खटला आहे, वर अशिलानं चांदी वजनाला वजन परत केली आहे, मग नुकसान कसलं? कोर्टानं अर्ज फेटाळला. आरोपीला मात्र त्याच दिवशी जामीन मिळाला. पुढे खटला रखडला आणि साक्षीचं समन्स निघालं तेव्हा म्हातारे हयात नव्हते. समन्स 'इसम मयत' शेऱ्यासह परत आलं.

या गुन्ह्यानं मला काय शिकवलं? उकल झाली की पोलीस पाठ थोपटून घेतात, पण फिर्यादी काय मागायला आला होता हे विसरतात. तो शिक्षा मागायला आला नव्हता. त्याला रविवारी एका तान्ह्या पोरीचा अंगठा टेकवायला जागा हवी होती.

त्या रविवारी ते ठाण्यात आले होते. अंगावर धुतलेला सदरा, हातात बारशाचे पेढे. मला एक दिला. मी पुन्हा कायदा सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. त्या चोरानं निदान खोटं तरी परत दिलं होतं. तुमी दोनी ठेवून घेतली."