काकांनी घातलेला गडगा

काकांचा मला राग होता. ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. वाईट माणूस असं त्यांना गावात कुणी म्हणणार नाही. दारू नाही, शिवीगाळ नाही, सकाळी अंघोळ करून पूजा. पण स्वतःच्या शहाणपणापुढे त्यांना समोरचं माणूस दिसत नसे.

आमचं गाव मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना लागतं. खाली भाताची खाचरं, वर उतारावर आमच्या मालकीचं रान, आणि त्याच्याही वर एक वाडी. वाडीवरची माणसं आमची शेतं कसत आणि भाताचा वाटा आम्हाला घालत. रोपांसाठी बी पेरण्याआधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी ती आमच्या रानातल्या ऐनाच्या फांद्या तोडून वाळवत आणि शेतात जाळत. याला राब म्हणतात. आजोबांच्याही आधीपासून हे चालत आलं होतं. कुणी विचारत नसे, कुणी अडवत नसे.

काका मुंबईत कायदा शिकले. वकिली चालली नाही, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ते घरी परतले. माझे वडील धाकटे आणि अबोल. घर आपोआप काकांच्या ताब्यात गेलं. मी सोळा-सतरा वर्षांची होते, शाळा सुटलेली, लग्न जमत नव्हतं. ओट्यावर चहा न्यायचं काम माझं, म्हणून काकांची सगळी प्रवचनं मला ऐकावी लागली.

संध्याकाळी वाडीवरची दोघं-चौघं कामाचं विचारायला येत. काका त्यांना बसवून घेत आणि मालमत्ता कशी जन्माला आली ते सांगत.

"आधी सगळी धरती सगळ्यांची होती. मग एकानं एक तुकडा साफ केला, नांगरला, पेरला. त्याचा घाम मातीत गेला, म्हणून ती माती त्याची झाली. विलायतेतल्या विद्वानांनी हे मांडलंय."

ऐकणाऱ्यांत एक उंच, सावकाश बोलणारा माणूस होता. आमचं सगळ्यात मोठं खाचर तो आणि त्याची बायको कसत. तो म्हणाला, "मंग वकीलसायब, खालचं खाचर माजं झालं का?"

"तू आमच्या वतीनं कसतोस."

"घाम तं माजाच हाये ना?"

काकांनी चहा तसाच ठेवला. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दा बदलला. ज्यानं आधी ताबा घेतला, जमीन त्याची. उंच माणूस म्हणाला, "आमची वाडी तुमच्या घराच्या आदीची. तुमचा आजा आला तवा आमच्यांनीच त्याला पानी दाकवलं."

मग काका समाजाच्या शिस्तीवर आले. हद्द नसेल तर माणसं एकमेकांना फाडून खातील, म्हणाले.

"रानाला कदी हद्द नव्हती," तो म्हणाला. "कोनी कोनाला खाल्लं?"

"चालता हो इथून!" काका ओरडले. पुस्तकातलं सगळं संपलं होतं.

त्या थंडीत त्यांनी बाहेरगावचे मजूर आणून रानाच्या कडेनं दगडावर दगड रचून गडगा घातला. वाडीची माणसं काही दिवस थांबली. मग राबाची वेळ टळायला लागली, तेव्हा उंच माणसानं गडग्याचे दगड बाजूला केले आणि सगळे आत शिरून फांद्या तोडू लागले. काकांनी पोलीस आणले. चोरीच्या आरोपाखाली त्याला एकट्यालाच नेलं. जाताना तो वडिलांकडे बघत होता. वडील जमिनीकडे.

आषाढात लावणीला वाडीवरून एकही माणूस उतरला नाही. रोपं पिवळी पडू लागली, तेव्हा आई, मी आणि वडील खाचरात उतरलो. काका छत्री घेऊन बांधावर उभे राहून रांग वाकडी चाललीय म्हणून सांगत होते. आई थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. ती चिखलातून वर आली, हातातली रोपांची मूठ तिनं त्यांच्या पायाशी टाकली आणि म्हणाली, "शेत तुमचं आहे ना? मग उतरा."

काका घरी निघून गेले. त्या वर्षी निम्मं शेत ओसाड राहिलं. पुढे भावाभावांत वाटणी झाली, एका घराच्या दोन चुली झाल्या, आणि रान काकांकडे गेलं.

माझं लग्न होऊन मी शहापूरला आले. एकदा आटगाव स्टेशनवर त्या उंच माणसाची बायको दिसली. नवरा तुरुंगातून सुटल्यापासून दोघं उंबरमाळीकडे खडी फोडायला जात होती, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, "आता खालचं खाचर वडिलांकडे आहे. परत या ना."

ती मला आपादमस्तक न्याहाळत राहिली. "तुमच्या शेतात आमी पाय नाय ठेवनार, बाय. तुजा काका वाईट, त्ये समद्यांना ठावं. पन तुजा बाप चांगला, आन् तरी गप बसला."

माझ्या वडिलांबद्दल असं कुणी बोलावं, हे मला सहन झालं नाही. मला तिचा राग आला.  तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली.