कॅनरीच्या धक्क्याखालचे खांब

पेत्रा लगुंदायचं माणसांबद्दल फारसं चांगलं मत कधीच नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर ती म्हणायची, "मी त्यांना खालून बघते." यात अतिशयोक्ती काही नव्हती. अलास्काच्या त्या बेटावरचं अर्धं गाव समुद्रात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे, आणि ते खांब तपासणं हा पेत्राचा सत्तावीस वर्षांचा धंदा. ओहोटी लागली की ती चपटी होडी घेऊन गावाच्या पोटाखाली शिरायची. कोणाचं सांडपाणी कुठे सुटतं, नवा खांब घातला म्हणून सांगून जुन्यालाच डांबर कोणी फासलंय, सगळं तिला ठाऊक. वर रस्त्यात तीच माणसं कडक इस्त्रीचे शर्ट घालून भेटली की ती नुसती मान हलवायची.

तिचा बाप फिलिपाइन्सहून सामन माशांचे डबे भरायला आला आणि इथल्याच मूळच्या त्लिंगित जमातीतल्या बाईशी लग्न करून राहिला. तो ज्या कॅनरीत, म्हणजे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, राबला ती कधीच बंद पडली. तिचा लांबलचक धक्का मात्र रिकामा पडून होता. त्या धक्क्यावर दक्षिणेकडून आलेल्या डर्वुड पेल नावाच्या गृहस्थाची नजर गेली. त्याला तिथे तीन दुमजली इमारती हव्या होत्या. खाली जहाजाच्या प्रवाशांसाठी दुकानं, वर काचेच्या भिंतींचं उपाहारगृह. त्याने कुठल्याशा शहरी कंपनीकडून अहवालही आणला होता: धक्का भक्कम आहे. अहवाल लिहिणारा कधी बेटावर आलाच नव्हता. त्याने कॅनरीचे जुने नकाशे बघितले होते, आणि नकाशावरच्या खांबांना कीड लागत नाही.

बंदर मंडळाचा अध्यक्ष होता आर्ने स्केई. पेत्राच्याच वर्गातला. बापाच्या बोटीवर उलट्या होतात म्हणून खुर्चीवर बसलेला माणूस. तो तिच्या घरी आला तेव्हा ती भाताबरोबर अडोबो, बापाकडचं आंबट मटण, जेवत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"पेत्रा, नियमाप्रमाणे स्थानिक तपासणी लागते," तो म्हणाला. "एक चक्कर मार आणि सही कर."

"चक्कर मारायची की तपासायचं?"

"अगं, त्याच धक्क्यावर बॉयलर होता. डब्यांचे डोंगर होते. तीनशे माणसं नाचायची. पडला का?"

"तेव्हा तुझ्या डोक्यावर केसही होते, आर्ने."

तपासणी तिने केली. नऊ ओहोट्या लागल्या. एकूण तीनशे अठरा खांब. प्रत्येकावर हातोडा मारायचा, कान द्यायचा. धड लाकूड ठणकन बोलतं, पोखरलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे गिरमिटाने भोक पाडून आतलं लाकूड बाहेर काढायचं. बऱ्याच ठिकाणी लाकूड आलंच नाही, ओला भुसा आला. समुद्री किडा खांबाला बाहेरून हात लावत नाही. आत शिरतो आणि निवांत खात बसतो. तिने मनात म्हटलं, मंडळाच्या बैठकीत आणि इथे फरक एवढाच, की इथे काम तरी चालू आहे.

एकशे चार खांब पोकळ निघाले. त्यातले बहुतेक दक्षिण टोकाला, नेमके जिथे पेलचं काचेचं उपाहारगृह येणार होतं तिथे. उत्तरेकडचे, बॉयलरखालचे, जाड आणि धड होते. तिने तसंच लिहिलं. वर हेही लिहिलं, की इमारत म्हणजे नुसतं ओझं नाही. तिच्यावर बर्फ साचतो, वारा तिला आडवा ढकलतो, आणि तो सगळा जोर शेवटी खांबांनाच सोसावा लागतो.

आर्ने परत आला, या वेळी पेलला घेऊन.

"पेत्राबाई," पेल गोड हसला, "'पोकळ' हा शब्द जरा कठोर नाही का? 'वयोमानानुसार झिजलेले' म्हणू या."

"तुम्ही म्हणा. मी सही करणार नाही."

"गावाचं भलं होतंय, त्यात तुम्ही आडव्या येताय."

"गाव तुमचं कधी झालं? तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला ओहोटीची वेळ माहीत नव्हती."

एवढ्या ताठ्याला एक कारण होतं आणि ते तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. ती तेहतीस वर्षांची असताना आर्नेच्या बापाने गोड बोलून तिच्याकडून आपल्या जाळ्यांच्या गोदामाच्या कागदावर 'ठीक' लिहून घेतलं होतं. तिला काम नवीन होतं, नाही म्हणायची छाती नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने गोदामाचा कोपरा खचला आणि तिच्या बापाचा मित्र युसेबियो खुब्यातून मोडला. मरेपर्यंत काठी टेकत चालला. तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. उलट दर नाताळला वाळवलेले मासे आणून द्यायचा. ते मासे तिच्या घशाखाली उतरायचे नाहीत. जगातल्या सगळ्या लबाडांच्या यादीत पेत्राने पहिलं नाव स्वतःचं लिहून ठेवलं होतं.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. पेलने रंगीत चित्रं दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चित्रात सगळे हसत होते. पेत्रा उठली.

"धक्का भक्कम आहे ना? मग मासे ठेवायचे मोठे टब ठेवा आणि पाणी भरा. एका इमारतीचं आणि बर्फाचं मिळून जेवढं वजन, तेवढं."

"आनंदाने!" पेल म्हणाला. "बॉयलरच्या जागी ठेवू."

"उपाहारगृह काय बॉयलरच्या जागी बांधताय? दक्षिण टोकाला ठेवा."

सभेत हशा पिकला, आणि पेलला मागे फिरता येईना.

शनिवारी भर दुपारी अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं. पेत्राने आधी धक्क्याखालच्या होड्या हलवल्या, टबांजवळ कोणी उभं राहायचं नाही असं बजावलं आणि किनाऱ्यावर दुर्बीण लावून धक्क्याची पातळी बघत बसली. पेलला मात्र फोटो हवा होता. कोरं पिवळं शिरस्त्राण घालून तो टबाला टेकून उभा राहिला.

"अहो, मागे या!" पेत्रा ओरडली.

त्याने तिला हात हलवून दाखवला.

टब निम्मेही भरले नव्हते. पातळी एक बोट उतरली, मग चार. "पाणी बंद!" ती किंचाळली. खालून कडाड असा आवाज आला, फळ्या कलंडल्या आणि तीन टब घसरत समुद्रात गेले. पेल इतका जोरात पळाला की वाटेत त्याने आर्नेला आडवा पाडला. दोघांपैकी एकानेही मागे वळून पाणी सोडणाऱ्या कामगारांकडे पाहिलं नाही. ते सुखरूप होते, कारण पेत्राने त्यांना लांब नळी देऊन आधीच मागे उभं केलं होतं.

लोक हसले. पेत्राला हसू आलं नाही. तिने दुर्बीण उतरवली आणि कामगार पुन्हा एकदा मोजून घेतले.

पुढच्या बैठकीत मंडळाने ठराव केला, की 'मंडळाच्या दूरदृष्टीमुळे' दुर्घटना टळली. दक्षिणेकडचा भाग पाडायचा ठरला. उत्तरेकडे एक हलकी, एकमजली शेड उभी राहिली. तिच्या कागदावर पेत्राने स्वतः सही केली, कारण ते खांब खरंच धड होते. शेडच्या उद्घाटनाचं भाषण आर्नेने केलं. पेत्राचं नाव तो विसरला. त्याच्याकडून याहून बरं काही होईल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

पेल दोन महिन्यांनी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावी जाऊन पोचला. तेच कागद, तीच रंगीत चित्रं. कळल्यावर पेत्राने तिथल्या तपासनिसाला फोन लावला.

"धक्क्याखालचे खांब बघा," ती म्हणाली. "हातोडा मारून बघा."

"गरजच नाही हो," तो म्हणाला. "आमचा धक्का एकदम भक्कम आहे."

"कोणी सांगितलं?"

"मिस्टर पेलनी. त्यांच्याकडे अहवाल आहे ना."

पेत्राने फोन ठेवला, एक सणसणीत शिवी हासडली आणि त्या गावाला जाणाऱ्या मंगळवारच्या फेरीबोटीचं तिकीट काढलं.