भावी प्रदेशाध्यक्ष

आमचा पक्ष एवढा छोटा, की प्रदेशाध्यक्ष कोण हे पक्षातल्याच लोकांना फोन करून विचारावं लागायचं. तरी मला ते पद हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आणि मला कुणी काही विचारेनासं झालं. त्यात सोसायटीच्या चेअरमनकीलाही पडलेलो. बायको म्हणाली, "अहो, एक बिल्डिंग जमली नाही, आता महाराष्ट्र घेता का हातात?"

मी उठलो. सरळ जाऊन चौकात फ्लेक्स लावला. हात जोडलेले, फोटो दहा वर्षांपूर्वीचा, खाली 'भावी प्रदेशाध्यक्ष' आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. नाशकात वाढदिवसाला कुणीही भावी काहीही होतो, आणि कुणी हसत नाही, कारण हसणाऱ्याचाही वाढदिवस येणारच असतो. माझा मात्र पाच महिने लांब होता. गावाच्या ते लक्षात आलं नाही, बायकोच्या आलं.

मग भाड्याच्या गाडीत द्राक्षांच्या पेट्या टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरलो. प्रत्येक जिल्हाध्यक्ष पेटी उघडायचा, दोन मणी तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमचं फिक्स आहे." एवढं वय झालं तरी मला कळलं नाही, की द्राक्षं खाताना कुणी नाही म्हणत नाही. एकानं तर 'त्याला माघार घ्यायलाच लावतो' म्हणत माझ्यासमोर दुसऱ्या उमेदवाराला फोन लावला आणि फोनवर म्हणाला, "तुमच्याच कामात आहे, नंतर बोलतो." मी याला डावपेच समजलो आणि त्याला आणखी एक पेटी दिली.

पेटी परत करणारी एकच निघाली. नामपूरकडची ताई, घरची कांद्याची शेती. तालुक्यातली आमची महिला आघाडी म्हणजे ती आणि तिची जाऊ.

"द्राक्षं राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "आमच्याकडं वरचा मानूस कधी येत नाय. तुम्ही याल का?"

"अध्यक्ष झालो तर पहिली सभा तुमच्या गावात," मी म्हणालो.

पहिली सभा मी तोवर चार गावांना देऊन बसलो होतो. ताईनं मात्र ते खरं धरलं आणि गावभर सांगून टाकलं.

निवडणूक पुण्यात, एका मंगल कार्यालयात. मतदान हात वर करून. सकाळीच दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांनी मला बाजूच्या खोलीत नेलं, चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप तो हमारे वरिष्ठ हैं. उपाध्यक्ष के लिए आपका नाम सोचा है." झालं, मी विरघळलो. अर्ज मागे घ्यावा तर बायकोला काय सांगू? आणि लढायची तर सगळी खुमखुमी त्या चहातच गेली. नाव राहू द्या, पण माझ्याकडून अडचण होणार नाही, असं काहीतरी गुळमुळीत बोलून बाहेर आलो आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. ताई पार पुढे, पहिल्या रांगेत होती.

आधी दुसऱ्या उमेदवाराचं नाव पुकारलं. भराभर हात वर झाले. माझी द्राक्षं खाल्लेले सगळे हात मी ओळखले. निरीक्षकांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि माझाही हात वर गेला. चांगला सरळ गेला. शाळेत उत्तर येत असतानासुद्धा कधी एवढा सरळ गेला नव्हता.

मग माझं नाव आलं. पंख्यांची घरघर ऐकू येत होती. पहिल्या रांगेत हिरव्या बांगड्यांचा एक हात वर झाला. ताई हात तसाच धरून मागे वळली आणि आपल्याबरोबर आणखी कोण आहे ते बघू लागली. तिची नजर माझ्यापर्यंत आली तेव्हा मी चष्मा पुसायला काढला. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

हार-तुरे झाले, जेवणं झाली. जिलेबी वाढून घेताना तिघा-चौघांनी मला "पुढच्या वेळी नक्की" असं सांगितलं. उपाध्यक्षपदाचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

परतताना ताई नाशिकपर्यंत आमच्याच गाडीत होती. चाकण गेलं, मंचर गेलं. नारायणगावच्या पुढे तिनं विचारलं, "भाऊ, उमेदवाराला सोताला मत देता येत नाय का?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "पक्षाचा नियम आहे."

"मंग बराबर शे," ती म्हणाली. "नायतर दोन झाली असती."