गाऱ्हाण्यात राहून गेलेली परीक्षा

नंदा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कसालच्या दुकानात आमसुलाच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. भाच्याचा फोन होता. ऐकला, खाली ठेवला आणि समोरच्याला म्हणालो, "ने, तू म्हणशील त्या भावाने ने." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत असे वाक्य माझ्याकडून कोणी ऐकले नव्हते...

सुनंदा माझी धाकटी बहीण. आम्ही मसुऱ्याचे. वडील लवकर गेले, मी सातवीत शाळा सोडली आणि आठवडा बाजारात काजू, आमसुले विकता विकता दुकानापर्यंत आलो. तिला मात्र शिकवली. आमचा जिल्हा नवीनच झाला होता, ठिकठिकाणी सरकारी दवाखाने उघडत होते, म्हणून तिला कोल्हापूरला नर्सिंगला घातली. तीन वर्षांनी कोर्स करून आली, पण शेवटच्या परीक्षेत प्रसूतिशास्त्राची तोंडी राहिली होती. परीक्षक समोर बसले की हिची दातखीळ बसे. सहा महिन्यांनी परत बसली, परत तेच. पास झाल्याशिवाय नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नाही आणि क्रमांकाशिवाय नर्सची नोकरी नाही. बरोबरीच्या मुली कामाला लागल्या. "लागलंस काय गो खंय?" असे कोणी विचारू नये म्हणून ही विहिरीवर भर दुपारी, कोणी नसताना जाऊ लागली.

त्या वर्षी मी देवळात गाऱ्हाणे घातले. गुरवाला मजकूर मीच सांगितला, व्यापारी माणसासारखा थोडक्यात. गुरव खड्या आवाजात म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या भैणीक नोकरी लागांदे रे म्हाराजा!" आणि जमलेले सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

पंधरा दिवसांत नोकरी चालून आली. बाजारातल्या एका डॉक्टरांना दवाखान्यात नर्स हवी होती, क्रमांक नसला तरी चालेल म्हणाले. मी पगार दोनदा वाढवून घेतला, रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली आणि शब्द देऊन घरी आलो. ऐकून नंदा हसायलाच लागली.

"दादा, तू गाऱ्हाण्यात परीक्षा घातलंसच नाय रे! नोकरी मागितलंस, देवान नोकरी दिल्यान."

"मगे? देवान दिलेली नोकरी नाय म्हणतलंस?"

"नंबर नाय तवसर मी कोणाक सुई टोचूचंय नाय. कायव झाला तर जाब कोण देतलो? देव?"

माझे डोके फिरले. तिला खरी भीतीच वाटते आहे, नंबर हे नुसते निमित्त, असे मी तिला तोंडावर सुनावले. तिची पुस्तके उचलून अंगणात भिरकावली. ती एकेक गोळा करत होती आणि मी वर ओरडतच होतो की बाजारात माझा शब्द पडला. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणे टाकले.

आईने मात्र टाकले नाही. आईला अक्षरओळख नव्हती. ती पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसायची आणि नंदा समोर उभी राहून उत्तरे म्हणायची. मी पोती उचलायला गेलो की कानावर यायचे. मध्येच आईचा आवाज, "अडाखळलंस. परत सांग." नंदा चिडायची, "आई, तुका काय कळता त्यातला?" आई म्हणायची, "माका तुझा उत्तर कळणा नाय. अडाखळणा कळता." रातांब्यांचा हंगाम संपला तरी महिनोन्‌महिने हे चालले. रातांब्यांनी लाल झालेल्या हातांची ती परीक्षक कोल्हापूरच्या परीक्षकांपेक्षा कडक होती. पोते पाठीवर घेऊन मी दाराशी रेंगाळायचो, पण एकदाही बोललो नाही.

तिसऱ्या वेळी ती पास झाली. कौन्सिलचा क्रमांकही आला. हे मला कोणी सांगितले? पोस्टमनने! दुकानात येऊन तो म्हणाला, "शेटजी, पेढे खंय?" ज्या बहिणीला मी शिकवली तिची बातमी मला बाहेरच्या माणसाकडून कळावी... हे मी मनात धरून ठेवले. पुढे तिला सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी लागली, आमचे बोलणे सुरू झाले, माझ्या दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी तीच उशाशी होती. तरीही ती सल गेली नाही.

ती जायच्या आधी, यंदा मेच्या शेवटी तिला भेटायला गेलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. कसे कोण जाणे, मी तोच विषय काढला.

"माका पोस्टमनान सांगितल्यान, नंदा. तू नाय."

ती म्हणाली, "मी इल्लंय रे दादा. कागद घेवन दुकानाच्या पायरेर उभी रवलंय. तू कोणा काजूवाल्यार वराडत होतंस. म्हटलां, आजच्या दिवसाक ह्या वराडणा नको."

"मगे जरा थांबूचा होता."

"मी थांबलंय रे. तूच थांबलंस नाय."

आणि हसली. गाऱ्हाण्यावरून हसली होती, तशीच.

माझ्या दुकानाला जांभ्या दगडाच्या तीन पायऱ्या आहेत. ती कोणत्या पायरीवर उभी होती, हे विचारायचे राहून गेले. परवा एका माणसावर माझा आवाज चढला, आणि मध्येच मी थांबलो. पायऱ्यांकडे पाहिले. कोणी नव्हते. समोरचा माणूस म्हणाला, "शेटजी, काय झाला?" मी त्याला हातानेच थांबायला सांगितले आणि थोडा वेळ तसाच गप्प बसून राहिलो... कोणाला वर यायचे असेल, तर येता यावे म्हणून.