नाक्यावरचं फिजी

"आधी खेळाचं पान, मग कागदं."

मुंबईकडून आलेला ट्रक सीमेवरच्या कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर थांबला की आप्पा खिडकीतून हात बाहेर काढून एवढंच म्हणत. नेहमीचे ड्रायव्हर सीटखालून इंग्रजी पेपर काढून देत. नवा कोणी असला तर गडबडून गाडीचे कागद पुढं करी. मग आप्पा क्लीनरकडे बघत, "ह्येला कुणीतरी सांगा रं." त्या काळात तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल, तर पत्र्याच्या खोलीत पेपर नाकाला लावून बसलेला आडव्या अंगाचा कारकून तुम्हीही पाहिला असेल.

ते फिजी शोधत असत.

एक्याऐंशी साली मी निपाणीहून तिथं कारकून म्हणून गेलो. आमच्या पाळीतला एक जण निवृत्त झाला होता, त्याच्या जागी. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी विचारलं, "फिजी कुठं हाय म्हाईत हाय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. सांगायला माणूस मिळाला.

तरुणपणी ते मुंबईला गोदीत मामाकडे राहत आणि रग्बी खेळत. एकदा एक जहाज दुरुस्तीला येऊन पडलं. त्यावरच्या फिजीच्या एका खलाशानं तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यांना चेंडू घेऊन पळायला शिकवलं. पुढं त्यांचे वडील वारले. वडील याच नाक्यावर नोकरीला होते. त्यांच्या जागी आप्पांना घेतलं. "येक वरसासाठी आलतो," ते म्हणत. मी गेलो तेव्हा त्या एका वर्षाला बारा वर्षं झाली होती.

सात जणांचा खेळ त्यांनी मला चहाच्या ग्लासांवर शिकवला. टेबलावर सात ग्लास मांडायचे आणि हॉटेलवाल्याला ते परत मिळायचे नाहीत. "पंधरा जणांत ढकलाढकली करून लपता येतंय. ह्यात मैदान तेवढंच, माणसं निम्मी. सात मिंटं येक डाव. चेंडू पुढं फेकायचा न्हाय, मागच्याला द्यायचा. आन् मागं माणूस पायजे. न्हायतर संपलं."

हाँगकाँगला दरवर्षी सात-सात जणांच्या संघांची स्पर्धा भरे. पेपरात तिची बातमी बोटाएवढी, तीही आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पोचायची. आप्पा ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. सत्त्याहत्तर फिजी. अठ्ठ्याहत्तर परत फिजी. एकोणऐंशीला ऑस्ट्रेलिया, ऐंशीला पुन्हा फिजी. ब्याऐंशी, त्र्याऐंशी दोन्ही साली ऑस्ट्रेलिया जिंकलं तेव्हा ते दिवसभर ड्रायव्हरांवर खेकसत होते. साहेबांना वाटलं, घरी काही झालं असेल.

मी गेलो त्याच वर्षी पावसाळ्यात एका दुपारी रहदारी कमी होती. कपाटाचं दार उघडं होतं. मी सहज विचारलं, "आप्पा, परत कधी खेळला नाही?"

"खेळाय न्हाय, पर शिकवाय मिळणार हुतं की."

अठ्ठ्याहत्तर साली नाक्यावर मिलिटरीची जीप थांबली होती. मागच्या सीटवर रग्बीचा चेंडू होता. आप्पा पाळी सोडून बाहेर गेले आणि मेजरसाहेबांना म्हणाले, "सायेब, जरा हातात घिऊ?" घेतला आणि नाक्याच्या त्या धुळीत दोन्हीकडं हुलकावणी देऊन पळून दाखवलं. मेजर हसला नाही. त्याला बेळगावच्या जवानांचा सात जणांचा संघ उभा करायचा होता. त्यानं सांगितलं, बेळगावात बदली करून घ्या, रोज सकाळी मैदानावर या.

"ऑर्डर निघाली बी. बेळगाव. पर रिलीव्हर आला न्हाय."

नोकरदारांना हे सांगायला नको. बदली कागदावर होते, पण आपल्या जागी येणारा हजर झाल्याशिवाय साहेब सोडत नाहीत. आप्पांनी दोन वर्षं वाट बघितली. तेवढ्यात मेजरचीच बदली झाली, संघ मोडला. "कुणीतर निपाणीचा येणार हुता. आजारी पडला म्हणं," आप्पा म्हणाले.

तो निपाणीचा मी.

आमच्या खात्यात बोललं जाई की त्या नाक्यावर गेलेला माणूस परत येत नाही. माझं नुकतंच लग्न झालेलं. ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉईडचं सर्टिफिकेट घेतलं, ऑर्डर रद्द करून घेतली आणि त्या रविवारी सासुरवाडीला जाऊन मटण जेवलो. माझ्यामुळं कुणी अडकून पडेल हे मनातही आलं नाही. एक्याऐंशीला पुन्हा तिथलीच ऑर्डर निघाली, ती टाळता आली नाही. आता त्याच माणसासमोर बसून मी रोज चहा पीत होतो. सांगायचं ठरवून तोंड उघडायचो आणि पावत्यांचं काहीतरी विचारायचो. मला स्वतःची लाज वाटत होती. तीन वर्षं वाटली.

चौऱ्याऐंशीला फिजी जिंकलं. त्याच पावसाळ्यात आप्पांच्या जागी खरोखर माणूस हजर झाला. चार्ज देऊन झाला. आप्पांनी कपाटाचं दार आतून ओल्या फडक्यानं पुसलं, कात्रणं खरवडून काढली. बसला वेळ होता. मी म्हणालो, "आप्पा, तो निपाणीचा मीच होतो. मला काहीही झालं नव्हतं."

"म्हाईत हाय," ते फडकं पिळत म्हणाले. "ऑर्डरवर तुझं नाव हुतं की रं. तू हजर झालास त्याच दिवशी वळाकलं."

"मग बोलला का नाही?"

"लई राग हुता. वाटायचं, ह्येला काय तर करावं. मग बघितलं, तू बी हितंच अडकलास. कुणावर रागवायचं?" बस आली तसं ते उठले. "तुझी ऑर्डर निघंल तवा येणाऱ्याचं नाव वाचून ठिऊ नगंस. लई तरास हुतोय."

बेळगावात ते थोरल्या बहिणीकडं, अनगोळला राहिले. आठ महिन्यांनी कचेरीतच छातीत कळ आली आणि गेले. मी त्यांच्या बहिणीला भेटायला गेलो. आक्कांनी चहा दिला. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "मैदान हितनं जवळच. रोज पहाटं उठून खेळायचं बूट घालायचा, दारात बसायचा. कचेरीची वेळ झाली की काढायचा. मी म्हणायची, जा की रं. येकदाबी गेला न्हाय."