टपालाने गेलेली शिरोरेघ

आमच्या घरात माणसे दोन आणि मत एक. मी भारताचा नागरिक राहिलो. पुण्याच्या मतदारयादीत माझे नाव आहे, परंतु मत बजावण्यासाठी मी स्वतः विमानाने जाऊन तिथल्या शाळेच्या वर्गात उभे राहिले पाहिजे. टपालाची सोय माझ्यासारख्यांना नाही. याविषयी मी दिल्लीला पत्रे लिहिली, उत्तर एकाचेही आले नाही. इथे, जपानातल्या सेंदाईत, मी कर भरतो आणि मत देत नाही. तेव्हा उरले ते एक मत माझ्या बायकोचे, आणि तेही तिने हट्टाने मिळवलेले.

भूकंपाने आमच्या टेकडीवरचा रस्ता खचला आणि स्टेशनला जाणारी बस बंद झाली. पुढे रस्ता दुरुस्त झाला, बस आली नाही. वस्तीच्या बैठकीत बायको त्यावर बोलायला उभी राहिली. ती इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला आली होती. मी पुण्यातली विमा कंपनीतली नोकरी सोडून तिच्या मागून आलो होतो. वस्तीच्या अध्यक्षांनी तिचे सगळे ऐकून घेतले, वाकून आभार मानले आणि इतरांकडे वळून म्हणाले, "पाहा, पाहुण्यांनासुद्धा आपल्या बसची काळजी आहे."

परतताना चढावर ती थांबली. दम लागला होता की राग आला होता, ते कळले नाही.

"अहो, पाहुणे? इतकी वर्षं इथला कचरा वेगळा करतेय मी. पाहुणे कचरा वेगळा करतात का?"

तिने जपानी नागरिकत्व घेतले. मला म्हणाली, तुम्हीही घ्या. मी म्हणालो, कोणीतरी एकाला परत जायची वाट राहू दे. त्या वाक्याला आज काही अर्थ उरलेला नाही.

जपानात मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसतात. कोरा कागद मिळतो आणि त्यावर आपल्या हाताने एकाचे नाव लिहायचे असते. तिला जपानी वाचता येई, बोलता तर माझ्याहून कितीतरी चांगले येई. पण जपानी लिहिले ते कायम संगणकावर. हाताने लिहायला बसली की हिरागानासारख्या सोप्या लिपीतही तिची एक खोड उफाळून यायची. अक्षरे लिहून झाली की हात आपोआप मागे जाई आणि सगळ्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढी. मराठी शाळेतली शिरोरेघ.

"हे काय, कपडे वाळत घातलेस?" मी विचारी.

"तुमच्या अक्षरापेक्षा बरंय. तुमचे तर ओलेच पडलेत."

पण मी नियम वाचले होते. मतपत्रिकेवर नावाखेरीज दुसरे काहीही लिहिले तर मत अवैध ठरते. नावापुढे आदराने 'सान' लावलेले चालते, चिन्ह चालत नाही, खूण चालत नाही. चुकून पडलेला ठिपका माफ आहे. हेतूने काढलेली रेघ माफ नाही. मी तिला हे समजावले आणि तिने जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सराव करून ती रेघ मोडली. पहिल्या निवडणुकीत शाळेच्या व्यायामशाळेतून ती बाहेर आली तेव्हा तिने मला फक्त दोन्ही हात मोकळे करून दाखवले. रेघ नाही! कोणाला मत दिले हे मी विचारले. "मत गुप्त असतं, अहो," ती म्हणाली. आजवर तिने ते मला सांगितलेले नाही.

पुढच्या निवडणुकीपर्यंत कंपवाताने तिला अंथरुणाला खिळवले. या शहरातली निवडणूक भूकंपामुळे पुढे ढकलली गेली होती, तेव्हापासून ती ऐन उन्हाळ्यात येते. त्या उन्हात, उतारावरून, आखडलेल्या शरीराला खुर्चीत बांधून नेणे डॉक्टरांना मान्य नव्हते. मी टपाली मतदानाचा अर्ज मागायला निवडणूक कार्यालयात गेलो. खिडकीवरचा कारकून तरुण आणि अत्यंत नम्र होता.

"ओकुसानचा, म्हणजे आपल्या पत्नीचा, देखभालीचा दर्जा किती?"

"चार."

"टपालासाठी पाच, म्हणजे सर्वांत गंभीर, लागतो. किंवा अपंगत्वाच्या दाखल्यात पायांचा पहिला किंवा दुसरा दर्जा."

"दाखल्यात तिसरा आहे. औषधाच्या अमलात ती चार पावले टाकते."

"चार पावले," त्याने टिपून घेतले. "मग मतदान केंद्रावर येता येईल."

"ती चार पावले पलंगापासून संडासापर्यंतची आहेत."

तो वाकला. "कृपया समजून घ्यावे."

हे वाक्य मी पुढे प्रत्येक उत्तरात वाचले. मी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस आहे, कोर्टात कधी उभा राहिलो नाही, पण कायदा वाचता येतो. मी निवडणूक आयोगाला लिहिले, महापालिकेला लिहिले, टोकियोला मंत्रालयाला लिहिले. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक आदरार्थी क्रियापद तपासून. चौथ्या दर्जाच्या रुग्णाला घराबाहेर नेता येते हे कोणत्या वैद्यकीय आधारावर ठरले, एवढाच माझा प्रश्न होता. प्रत्येक उत्तर सुबक होते, प्रत्येकाची सुरुवात ऋतूविषयीच्या वाक्याने झाली होती आणि शेवट समजून घेण्याच्या विनंतीने. ती निवडणूक आमच्या खिडकीखालून प्रचाराच्या गाड्यांवरून ओरडत निघून गेली. बायको पलंगावरून ऐकत होती. "बसचं कोणीच बोललं नाही," ती म्हणाली.

मग तिचा दर्जा पाचवर गेला. घरी अंघोळ घालायला येणाऱ्या सेविकेने ते पत्र वाचले आणि डोळे पुसले. बायको जड जिभेने मला म्हणाली, "पेढे आणा. पाचवीत गेले मी." त्या सेविकेला आम्ही का हसतो ते कळले नाही. मी त्याच दिवशी अर्ज भरला. माणसाची बायको खंगते आणि त्याचा त्याला आनंद होतो, अशी व्यवस्था करणाऱ्या कायद्याला मी काय म्हणावे?

कार्यालयात तोच कारकून. मी विचारले, "तिचा हात थरथरतो. तिने नाव सांगावे आणि मी लिहावे, हे चालेल?"

"हाताचा पहिला दर्जा असेल तर. तोही आधी नोंदवलेला."

"तिचा दर्जा पायांचा आहे. पेन्सिल धरता येते, म्हणून हाताचा मिळत नाही."

"मग त्यांनी स्वतःच लिहायला हवे."

"आणि ती केंद्रावर आली असती तर?"

"केंद्रावर लिहून द्यायला अधिकारी असतो."

म्हणजे जी येऊ शकते तिच्यासाठी लिहिणारा आहे, आणि जी येऊ शकत नाही तिच्यासाठी नाही. मी हे मोठ्याने म्हटले. रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. कारकुनाने हळू आवाजात सुचवले की मान्यताप्राप्त शुश्रूषागृहात दाखल झाल्यास मतदान तिथेच होते. मी घरी येऊन तिला सांगितले. "मत द्यायला घर सोडू?" ती म्हणाली. "मग बस कशाला हवीय मला?"

मतपत्रिका टपालाने आली. आत एक लहान लिफाफा, त्यावर घालायचा एक मोठा, आणि मोठ्यावर मतदाराची सही. औषध चढण्याची वाट पाहून मी तिला उशांना टेकवून बसवले, मांडीवर पाट ठेवला, बोटांत पेन्सिल दिली.

"रेघ लक्षात आहे ना?"

"तिकडे बघा तुम्ही," ती म्हणाली. "मत गुप्त असतं."

मी खिडकीकडे तोंड केले. खाली बसथांब्याचा खांब दिसत होता, वेळापत्रक काढून टाकलेला. मागे पेन्सिल चालू झाली. तिचे अक्षर आता मुंगीएवढे होते. त्याचे बारीक, तुटक खरडणे मी ऐकत होतो. थांबे. पुन्हा सुरू होई. बराच वेळ शांतता. आणि मग एक आवाज आला, लांब, सरळ, एका दमात ओढलेला, डावीकडून उजवीकडे.

लग्नानंतर इतकी वर्षे मी तो आवाज दुधाच्या हिशेबापासून नागरिकत्वाच्या मुलाखतीच्या टिपणांपर्यंत ऐकला आहे. मी वळलो. तिने कागद उलटा धरला होता.

"रेघ मारलीस का?"

"कसली रेघ?" ती म्हणाली. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेले समाधान होते. "पूर्ण केलं मी."

दुसऱ्याच्या मतपत्रिकेत डोकावणे मला शक्य होते. कायद्याने नव्हे, पण शक्य होते. मी हात पुढे केला नाही. तिने कागद आत सारला, लिफाफा ओठांशी नेला, मी तो मोठ्या लिफाफ्यात घातला, तिने सही केली. सही माझ्यासमोर केली. जपानी अक्षरांत तिचे आडनाव, मुंगीएवढे, आणि त्यावर दोरीसारखी ताणलेली शिरोरेघ. रोगाने तिने नंतर शिकलेले सगळे नेले होते आणि पहिलीतले तेवढे ठेवले होते.

मी तो लिफाफा टपालात टाकला. दुसरी मतपत्रिका कशी मागायची, त्यासाठी कोणते कारण लिहायचे, हे मी चालताना मनात मांडून पाहिले. ती रेघ हेतूने काढलेली नाही, हे मी कोणत्याही न्यायासनासमोर सिद्ध केले असते. पण त्यासाठी तिचे मत कोणते हे दाखवावे लागले असते. आणि तिला सांगावे लागले असते की तिने काय केले. आयुष्यात पहिल्यांदा मला एक पत्र लिहिता आले नाही.

निकालाचे पत्रक वस्तीत घरोघर वाटले गेले. खाली, सर्वांत लहान अक्षरांत, अवैध मतांचा आकडा होता. मी तिला उमेदवारांची नावे वाचून दाखवली. तिने डोळे मिटून सगळी ऐकली, एकाही नावाला चेहरा हलू दिला नाही.

"माझं मोजलं ना, अहो?"

अवैध मतेही मोजली जातात. कायद्याच्या दृष्टीने मी खोटे बोललो नाही.

"मोजलं," मी म्हणालो.

"मग आता बसचं काय करतात ते बघा," ती म्हणाली, आणि मी पलंग खिडकीकडे वळवला.