टकटक अकरा

टकटकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. न्यायालयाच्या आवारात, जिन्याखालच्या कोपऱ्यात, एका डुगडुगत्या मेजावर टाइपरायटर ठेवून त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्या आवाजावरून वकील मंडळींनी हे नाव पाडलं. काम असलं की 'टकटकराव', घाई असली की नुसतं 'टकटक'. लोकांचे घटस्फोट, वाटण्या, जामीन, मृत्युपत्रं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं आणि डोक्याला न शिवता गेलं. टाइप करताना वाचायचं नसतं, हा धंद्याचा पहिला नियम. वाचलं की अर्थ कळतो आणि अर्थ कळला की बोटं अडखळतात. एकदा त्यांनी सख्ख्या चुलतभावाने त्यांच्यावरच काढलेली नोटीस तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता टाइप करून दिली. ती घरी पोचली तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

असा हा दुसऱ्यांच्या संकटांना कधी न बिचकलेला माणूस बायकोच्या मानेवरच्या वाटाण्याएवढ्या गाठीने पार गळून गेला.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. "रिपोर्ट आला की घेऊन या, मग बोलू," म्हणाले. डॉक्टर जेव्हा 'मग बोलू' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं यावर टकटकरावांनी रात्रंदिवस विचार केला आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. घरात मात्र गाठीचं नाव कुणी काढत नव्हतं. बायको शिवणयंत्रावर बसून लोकांच्या पडद्यांना दुमड घालत होती. पदर मानेभोवती ओढून घ्यायची सवय तिला नवीनच लागली होती.

तपासणी केंद्रात गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कागद आता देत नाही, काका. रिपोर्ट मेलवर येतो. ईमेल सांगा."

"माझा ईमेल नाही."

"मग काढा. फोन आहे ना?"

फोन होता. मुलीने दिलेला, काचेचा, गुळगुळीत. मुलगी नोकरीसाठी लांब राहायची आणि हा फोन तिने 'तुमचा चेहरा दिसावा म्हणून' पाठवला होता. प्रत्यक्षात तिला बापाचा कान आणि छत एवढंच दिसायचं. टकटकराव फोनला घाबरत. टाइपरायटरची कळ दाबली की ती उलटून काहीतरी म्हणते. ही काच दाबली काय, न दाबली काय, सारखीच थंड. आणि कुठे नुसता स्पर्श झाला की ती एखाद्या अनोळखी माणसाला परस्पर फोन लावते.

संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडातला फोन मागून आणला. तो टकटकरावांनी कान आणि खांदा यांत धरला, मुलगी पलीकडून सांगू लागली आणि स्वतःच्या फोनवर ते काम करू लागले.

"बाबा, पत्त्यात काय नाव घालायचं?"

"टकटक घाल."

"मी नाही, तुम्ही घालायचं. इंग्रजीत."

घातलं. काचेवर लाल अक्षरं उमटली. हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे. टकटकरावांनी ते दोनदा वाचलं. जगात दुसराही टकटक आहे ही बातमी या वयात पचायला जड होती.

"घाबरू नका. पुढे एखादा आकडा जोडा. घराचा नंबर जोडा, अकरा."

त्यांनी फोन मेजावर आडवा ठेवला, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात कळफलकावर असतात तसे त्यावर ठेवले. दहा बोटांना त्या काचेवर जागा पुरेना. मग उजव्या हाताचं एकच बोट वापरून टकटक आणि अकरा टाइप केलं. फोनने मुकाट्याने स्वीकारलं.

"बघा, अकरा मोकळं होतं!" मुलगी म्हणाली.

पासवर्डपाशी मात्र गाडी अडली. बायकोचं नाव आणि पुढे अकरा घातले तर फोन म्हणाला, निदान एक आकडा हवा.

"आकडा घातलाय," टकटकराव म्हणाले.

"नसेल पडला. परत घाला."

परत घातला. निदान एक आकडा हवा.

"अगं, हा काय आंधळा आहे का? अकरा घालतोय, अकरा!"

"बाबा, ओरडू नका, शेजाऱ्यांना तुमचा पासवर्ड कळेल. दुसरा कुठला तरी घाला."

त्यांनी चिडून पुढे सात घातला. सात लगेच चालला. सातात असं काय आहे जे अकरात नाही, हे त्यांना कळेना. पण वरिष्ठांशी वाद घालू नये हे न्यायालयाच्या आवारात शिकलेले असल्यामुळे ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन त्यांनी पत्ता तोंडी सांगितला. टकटक, अकरा. बाईंनी तो टाइप केला. टकटकरावांनी सवयीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. फक्त दोन बोटं वापरत होत्या. असं टाइप करणाऱ्या बाईच्या हातात आपल्या घराचं नशीब आहे, या विचाराने त्यांना घरी येताना जिना चढवेना.

मेल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन उशाशी ठेवायचा, उठून बघायचा, परत ठेवायचा. आणि खरं सांगायचं तर, मेलची पेटी रिकामी दिसली की घटकाभर बरंही वाटायचं. रिपोर्ट नाही म्हणजे आजार नाही, असं एक बेकायदेशीर अनुमान ते आतल्या आत काढत. पुढच्याच क्षणी वाटायचं, आपण पत्राची वाट बघतोय आणि गाठ काही पत्राची वाट बघत थांबलेली नाही. मग परत फोन उचलायचा.

"आलं का हो काही?" बायकोने सुई दातात धरून विचारलं.

"आज जड चाललंय. नेट."

"नेट जड चाललंय की तुम्ही?"

मुलीने फोनवरून तपास सुरू केला. नेट चालू आहे का? आहे. फोन बंद करून चालू करा. केला. 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात बघा. बघितलं; तिथे कुणीतरी त्यांना केस परत उगवण्याचं तेल विकत होतं. टकटकरावांच्या डोक्यावर केस नाहीत हे या माणसाला कसं कळलं, याने ते आणखी बिथरले.

"मी आत्ता एक मेल पाठवते. पोचली का सांगा."

नाही पोचली.

"बरं, तुम्ही मला पाठवा."

यांनी पाठवली. तिला पोचली. तिने त्यावरच उत्तर टाकलं. तेही यांना पोचलं! टकटकरावांचा जीव भांड्यात पडला. मग तिने पुन्हा नवीन मेल पाठवली, तर ती गायब.

"हे अजब आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही आधी लिहिलंत तर उत्तर येतं. कुणी आपणहून लिहिलं तर येत नाही."

हे वाक्य टकटकरावांच्या मनात फार खोल गेलं. आपणहून त्यांना आजवर लिहिलंच कुणी होतं?

शेवटी त्यांनी तपासणी केंद्राला फोन लावला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, आम्ही तर कधीच पाठवला. पत्ता चुकला तर मेल आमच्याकडे परत येते. ही परत आलेली नाही. म्हणजे पोचली."

"मला नाही पोचली."

"मग कुणाला तरी पोचली."

बाई हे अगदी सहज बोलल्या. पण टकटकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला तरी. आपल्या बायकोच्या मानेत काय आहे हे कुणीतरी परका माणूस आत्ता, या क्षणी जाणतो, आणि आपण जाणत नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांची गुपितं टाइप केली होती, ती न वाचता. पलीकडचा माणूस इतका शिस्तीचा असेल कशावरून?

"दुसऱ्या पत्त्यावर पाठवा ना. नाहीतर मी येतो, छापून द्या."

"छापायला परवानगी नाही हो. आणि पत्ता बदलायचा तर आधी चूक कुठे आहे ते कळायला नको? नाहीतर परत तिसऱ्यालाच जायचा."

दुपारी बाईंचा स्वतःहून फोन आला. "काका, त्या पत्त्यावरून उत्तर आलंय. वाचून दाखवते. 'ही मेल माझी नाही. ज्यांची आहे त्यांना कृपया लवकर पोचवा.' बस्स, एवढंच. म्हणजे पत्ता तुमचा नाहीच."

"काय म्हणाले? लवकर?"

"हो, लवकर."

"लवकरच म्हणाले? नक्की?"

"काका, समोर लिहिलेलं वाचतेय मी."

टकटकरावांची पाचावर धारण बसली. 'पोचवा' एवढं पुरेसं होतं. हा माणूस 'लवकर' का म्हणाला? चांगली बातमी लवकर पोचवा असं कोण म्हणतं? त्याने वाचलंय. वाचलंय, म्हणून घाई. एका शब्दावरून माणसं तुरुंगात गेलेली त्यांनी न्यायालयाच्या आवारात पाहिली होती. शब्दाचं वजन त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

ते कॉटवर भिंतीला टेकून बसले. बायकोने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"तोंड आरशात बघा, मग 'काही नाही' म्हणा."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "बाबा, एक सांगा. तुम्ही अकरा कसे टाइप केलेत?"

"जसे करतात तसे."

"म्हणजे कुठलं बटण?"

"एल. लहान एल. दोनदा."



"बाबा. एल का?"

"का म्हणजे? मशीनवर एकाची कळ नसतेच. जुन्या मशीनवर आकडे दोनापासून सुरू होतात. एक म्हणजे लहान एल. कागदावर तसाच दिसतो. आजवर एकाही न्यायाधीशाने तक्रार केलेली नाही."

"अहो, पण फोनवर एक आहे! वरच्या ओळीत, पहिलाच!"

"तिकडे मी कशाला बघू? मला माहीत आहे ना एक कुठे असतो."

शिवणयंत्रामागून एक विचित्र आवाज आला. बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिचा हात मानेकडे गेला, आणि हसू तिथेच थांबलं.

पासवर्डाला आकडा का सापडत नव्हता, हे आता टकटकरावांना कळलं. फोन आंधळा नव्हता. मुलीला पत्र पाठवलं तेव्हा तिने त्यावरच उत्तर टाकलं, म्हणून ते एल एलला बिनचूक पोचलं. बाकी सगळं जग त्यांना अकरा समजून दुसऱ्याच टकटकच्या दारात पत्रं टाकत होतं.

काउंटरवरच्या बाईंना फोन करून सांगितलं, शेवटी अकरा नव्हे, एल एल. "काका, आधी का नाही सांगितलं?" बाई म्हणाल्या. "मी अकराच सांगितले," टकटकराव म्हणाले. यात दोघांचंही खरं होतं.

मेल आली. फोन मेजावर थरथरला आणि त्याच्याबरोबर मेजाचे पायही. तपासणी केंद्राचं नाव काळ्या ठळक अक्षरांत होतं. बोट लावलं की उघडणार होती.

टकटकरावांनी बोट लावलं नाही.

"उघडा," बायको म्हणाली.

"तू उघड."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"चष्मा डोळ्यांवर आहे तुझ्या."

दोघं तशीच बसून राहिली. पडद्याचं कापड तिच्या मांडीवरून घसरून जमिनीवर गेलं, तरी तिने उचललं नाही. मग तीच हळूच म्हणाली, "वाचवत नसेल तर टाइप करा."

टकटकरावांनी तिच्याकडे पाहिलं. उठले. धंदा सुटल्यावर घरी आणून कोपऱ्यात ठेवलेल्या टाइपरायटरवरचं कापड काढलं, कागद घातला, मूठ फिरवली. बोट लावून रिपोर्ट उघडला आणि फोन डावीकडे, मसुदा ठेवतात तिथे, डब्याला टेकवून उभा केला. पाठ ताठ झाली. बोटं सुरू झाली. केंद्राचं नाव, बायकोचं नाव, वय. घर नंबर एल एल. नमुना कुठून घेतला ते. पुढची ओळ, त्याच्या पुढची. एकदाच, एका लांब शब्दाच्या सुरुवातीला, उजवी तर्जनी किंचित थबकली. त्यांनी तिला नजरेने दटावलं आणि ती पुढे गेली. खोलीत बऱ्याच वर्षांनी तो आवाज भरला. शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ बंद झाला.

शेवटचा पूर्णविराम पडला. त्यांनी कागद ओढून काढला, फुंकर मारली आणि न बघता तिच्यापुढे धरला.

तिने इंग्रजीच्या एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला घेतलं. ओठ हलत होते. टकटकराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिच्या ओठांचा आवाज एके ठिकाणी थांबला. मागे गेला. पुन्हा तिथे आला.

"अहो."

"हं."

"निष्कर्ष म्हणून लिहिलंय ना, तिथे पहिलाच शब्द 'नो' आहे. नो, मग तो मोठा शब्द, मग 'सेल्स'. म्हणजे वाईट पेशी नाहीत असंच ना?"

टकटकरावांनी वळून कागद घेतला. स्वतःच टाइप केलेलं, आयुष्यात पहिल्यांदा, वाचलं. मग परत वाचलं. खाली लिहिलं होतं, काही महिन्यांनी पुन्हा दाखवावे. त्या ओळीवर त्यांची नजर बराच वेळ अडकली. पण वरचा 'नो' कुठे गेला नाही.

"तुम्ही अख्खा कागद टाइप केलात आणि तुम्हाला 'नो' दिसला नाही?"

"टाइप करताना वाचत नसतात," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

बायकोने डोळे पुसले. मग पडदा उचलून झटकला, आणि म्हणाली, "त्या दुसऱ्या टकटकला कळवा. त्याचाही जीव टांगणीला असेल."

"तो 'लवकर' का म्हणाला, विचारू?"

"काही नको. तपासणी केंद्राचं नाव दिसलं असेल. माणूस दिसतोय बिचारा. लिहा, मी सांगते."

टकटकरावांनी फोन पुढे ओढला. पत्त्याच्या जागी टकटक लिहिलं. बोट सवयीने उजवीकडच्या एलवर गेलं, थबकलं, आणि वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, चाचपडत निघालं. तिथे खरंच एक होता. त्यांनी तो दाबला. मग परत दाबला. दोन्ही वेळा जरा जास्तच जोरात.

"हं, सांग."

"लिहा. लवकर पोचलं. आभारी आहोत."